क्रिएटिनिन 2.3 आणि ‘किडनी स्टेज 2’: एकाच रिपोर्टवर स्टेज ठरते का?

अबोली_फोंडा

नमस्कार. लॅब्रॅडोर, नर, वय 9 वर्षं, वजन 28 किलो. घरामागे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, दिवसभर तिथेच मोकळा असतो. चवथीच्या तोंडावर दोन दिवस ताप, जेवण बंद, तीन-चार उलट्या. दवाखान्यात नेल्यावर आधी रक्त घेतलं, मग सलाइन लावलं.

रिपोर्ट असा: क्रिएटिनिन 2.3, बीयूएन (रक्तातलं युरिया नायट्रोजन) 58, अल्ब्युमिन 2.3, हिमोग्लोबिन 9.8, प्लेटलेट 92,000. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन ++ आणि विशिष्ट गुरुत्व 1.015. गोचीडतापाच्या किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लस गेल्या वर्षी दिली होती. डॉक्टर म्हणाले, ‘किडनी स्टेज 2’. डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या आज रात्रीपासून सुरू करायच्या आहेत.

ही स्टेज मोजतात कशी? आणि पुढच्या तपासण्या कोणत्या क्रमाने कराव्यात? सगळ्या एकदम परवडणार नाहीत. सध्या उकड्या तांदळाची पेज आणि बांगड्याचं पाणी देतो आहोत.

पशुवैद्य_बार्देश

अबोलीताई, सर्वांत आधी आज रात्रीपुरतं. डॉक्सीची पहिली गोळी पोटात जाण्याआधी लेप्टोच्या पीसीआरसाठी (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी) रक्त आणि लघवी घेऊन ठेवायला सांगा. आजाराच्या पहिल्या आठवड्यात लेप्टोचे जंतू रक्तात सापडतात, पुढे लघवीत. नक्की कुठला दिवस चालू आहे हे कळत नाही, म्हणून दोन्ही नमुने. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर पीसीआर निगेटिव्ह आला तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. मात्र नमुन्यासाठी गोळी उद्यावर ढकलू नका. तासाभराचं काम आहे, ते उरकून गोळी द्या.

आता स्टेजबद्दल. कुत्र्यामांजरांच्या मूत्रपिंडाच्या स्टेज ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या पद्धतीने ठरवतात. कुत्र्यात क्रिएटिनिन 1.4 च्या खाली स्टेज 1, 1.4 ते 2.8 स्टेज 2, 2.9 ते 5.0 स्टेज 3 आणि 5.0 च्या वर स्टेज 4. तुमचा 2.3 हा आकडा दुसऱ्या खणात बसतो, डॉक्टरांनी तेच वाचून सांगितलं असणार. पण हा तक्ता जुनाट मूत्रपिंडविकारासाठी आहे. अंगात पाणी पुरेसं असलेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या जनावराचं उपाशीपोटी घेतलेलं क्रिएटिनिन, तेही किमान दोन वेळा, असेल तरच तो लावायचा. तुमचा नमुना तापात, उलट्यांनंतर आणि सलाइनच्या आधी घेतलेला आहे. त्यामुळे आज कुठलीच स्टेज देता येत नाही.

आधी रोग कोणता ते शोधायचं, मग तो किती पुढे गेला आहे ते. क्रिएटिनिन वर जाण्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात. मूत्रपिंडाच्या अलीकडे, म्हणजे अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, खुद्द मूत्रपिंडात, किंवा पलीकडे, म्हणजे लघवी अडल्यामुळे. पहिल्या दोहोंतला फरक विशिष्ट गुरुत्व सांगतं. पाणी कमी पडलेलं असताना निरोगी मूत्रपिंड लघवी घट्ट करतं, कुत्र्यात 1.030 च्या वर. क्रिएटिनिन वाढलेलं, अंग सुकलेलं आणि तरीही लघवी 1.015, तर मूत्रपिंडाचं काम बिघडलं आहे असा संशय घ्यावा लागतो. पण तुमचं 1.015 पट्टीवरचं आहे. कुत्र्यामांजरांच्या लघवीसाठी पट्टीवरचा तो चौकोन मुळीच भरवशाचा नाही. रेफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे लघवीचा दाटपणा मोजायच्या छोट्या उपकरणावर, एक थेंब टाकून वाचलेलाच आकडा धरायचा. दोन मिनिटांचं आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत स्वस्त काम, आणि तेच राहून जातं.

बीयूएन क्रिएटिनिनच्या मानाने जरा जास्त चढलं आहे. पाणी कमी झाल्याने तसं होतं, आतड्यात रक्त झिरपत असलं तरी होतं. प्लेटलेट कमी आहेत, म्हणून शी डांबरासारखी काळी आहे का ते पाहा.

मूत्रपिंडातच बिघाड असेल तर तो आत्ताचा की जुना? पावसात कुळागरात फिरणारा कुत्रा, ताप, उलट्या: लेप्टोचा संशय घ्यायलाच हवा, लस दिली असली तरी, कारण लशीत सगळे प्रकार येत नाहीत. त्यातून होणारा अचानकचा मूत्रपिंडबिघाड वेगळ्या तक्त्यावर, ग्रेडमध्ये मोजतात, आणि ग्रेड दिवसागणिक बदलतो. पट्टीवर साखर दिसली आणि रक्तातली साखर मात्र नॉर्मल असली, तर मूत्रपिंडाच्या नलिकांना ताजी इजा झाल्याची ती खूण आहे. पट्टीचा तो रकाना पुन्हा बघून घ्या. सोनोग्राफीत मूत्रपिंडं लहान, खडबडीत असली तर दुखणं जुनं. मापासाठी मूत्रपिंडाच्या लांबीला महाधमनीच्या व्यासाने भागतात. कुत्र्यात उत्तर 5.5 ते 9.1 मध्ये हवं. हिमोग्लोबिन 9.8 आहे म्हणजे आजार जुना, असं इथे म्हणता येणार नाही. गोचीडतापानेही ते उतरतं.

सोडियम-पोटॅशियम केलेलं दिसत नाही, ते करून घ्या. दोघांचं गुणोत्तर 27 च्या खाली गेलं तर अ‍ॅडिसनचा विचार करावा लागतो. अधिवृक्क ग्रंथींच्या त्या आजारात रक्त आणि लघवी हुबेहूब मूत्रपिंडविकारासारखी दिसते आणि औषध अगदी निराळं असतं.

एर्लिकियाचं किट प्रतिपिंडं दाखवतं. जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच त्यातून कळतं. उपचारानंतरही ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं, म्हणून बरा झाला का हे पाहायला किट पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. पण पॉझिटिव्ह किट, ताप, कमी प्लेटलेट आणि कमी अल्ब्युमिन हे सगळं एकत्र आलं की उपचार करावेच लागतात. डॉक्सीसायक्लिन दिवसाला किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे सुमारे 280 मिलिग्रॅम, 28 दिवस. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागतो आणि घरचे गोळ्या थांबवतात, तिथेच घोटाळा होतो. गोळी अन्नासोबत द्या, वरून थोडं पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो. लेप्टोवरही हेच औषध चालतं.

लेप्टोचा निकाल येईपर्यंत लघवी हातमोजे घालूनच पुसा. फरशी आधी धुवा, मग एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. पाइपाने जोरात फवारा मारू नका, शिंतोडे उडतात. घरात कुणाला ताप आला तर आपल्या डॉक्टरांना कुत्र्याबद्दल आवर्जून सांगा.

पेज चालेल. बांगड्याचं पाणी बिनमिठाचं आणि काटे गाळून द्या, सुकं खारं मुळीच नको. मूत्रपिंडासाठीचं खास अन्न आत्ता सुरू करू नका. मळमळ असताना जे पुढ्यात येतं त्याचीच जनावराला शिसारी बसते आणि मग गरज पडेल तेव्हा ते त्याला तोंड लावत नाही. आधी उलट्या थांबू देत. वेदनेसाठी घरातली माणसांची गोळी देऊ नका, आयब्युप्रोफेन तर नाहीच नाही.

काचपट्टी

प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं. आपल्याकडे जनावरांचे बरेच नमुने माणसांच्या लॅबमध्ये जातात, आणि तिथे गडबडी होतात.

प्लेटलेट 92,000 हा आकडा यंत्राचा असेल तर तो काचेवर पडताळून घ्या. रक्त घेताना सुई दोनदा फिरली की प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि यंत्र अख्ख्या गठ्ठ्याला एक धरतं, किंवा धरतच नाही. ताज्या रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) करायचा आणि आधी त्याचं पिसासारखं विरळ टोक पाहायचं, कारण गठ्ठे तिथे जाऊन बसतात. गठ्ठे नसतील तर पेशी एका थरात पसरलेल्या भागात यायचं, 100 च्या तेलाच्या भिंगाखाली दहा क्षेत्रांतल्या प्लेटलेट मोजायच्या आणि सरासरी काढायची. एका क्षेत्रात एक म्हणजे साधारण 15,000. सरासरी सहा आली तर तुमचे 92,000 खरे. बारा आल्या तर यंत्र चुकलं.

त्याच काचेवर बबेसिया, म्हणजे गोचिडांतून येणारा तांबड्या पेशींतला परजीवी, शोधतात. त्यासाठी कानाच्या टोकाला टोचून आलेल्या थेंबाचा स्मिअर जास्त कामाचा. तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराची मोठी जोडी दिसली तर एक जात, बारीक अंगठ्या दिसल्या तर बबेसिया गिब्सोनी. जात लिहून घ्याच. मोठ्या जातीला इमिडोकार्बचं इंजेक्शन लागू पडतं, गिब्सोनीला ते पुरत नाही, तिथे अटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन 10 दिवस देतात. एर्लिकियाचे पुंजके पांढऱ्या पेशींत क्वचितच सापडतात. दिसले नाहीत म्हणून रोग नाही असं धरू नये.

रिपोर्टमधल्या ‘हाय’, ‘लो’ या शेऱ्यांकडे दुर्लक्ष करा, ते माणसांच्या मर्यादांवरून पडतात. अल्ब्युमिन कोणत्या रंगद्रव्याने केलं तेही विचारा. ब्रोमोक्रेसॉल पर्पल कुत्र्याचं अल्ब्युमिन खरं असतं त्याहून कमी दाखवतं, ग्रीन हवं. तुमचं 2.3 त्यामुळेही आलेलं असू शकतं.

नमुना आणताना: जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत कधीही ओतू नये. तेवढ्यानेच पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. लाल नळीतला सीरम तासाभरात वेगळा करावा. वाळपई-साखळीहून पणजीला नमुना पाठवताना नळी बर्फाला थेट टेकवून ठेवली तर पेशी फुटतात. नळीभोवती रुमाल गुंडाळून मग बर्फाच्या पिशवीत ठेवा. लघवी अर्ध्या तासात तपासणं सर्वांत उत्तम. तसं जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि वाचण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंडीत स्फटिक धरतात आणि विनाकारण मुतखड्याचा संशय येतो. पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा रकाना सोडून द्या, जनावरांत तो चुकतो. पेशी भिंगाखालीच पाहायच्या.

शापोरा_काठ

मांजरांनाही हेच आकडे लावायचे का? आणि एसडीएमए नावाची मूत्रपिंडाची महागडी रक्ततपासणी सुचवली आहे, ती खरंच लागते का?

पशुवैद्य_बार्देश

मांजरात स्टेज 1 ची हद्द 1.6 ला संपते, 1.6 ते 2.8 स्टेज 2, पुढचं कुत्र्याप्रमाणेच. लघवीचं गुरुत्व मांजरात 1.035 च्या वर हवं. त्याहून पातळ आणि क्रिएटिनिन 1.6 च्या वर, दोन्ही पुन्हा पुन्हा तेच दिसलं, तर स्टेज 2 समजा, लॅब ते ‘नॉर्मल’ म्हणत असली तरी.

एसडीएमए प्रत्येकाला लागत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हातारं, पाठीचा कणा हाताला लागेल इतकं रोडावलेलं मांजर असेल तर मूत्रपिंडं बिघडूनही क्रिएटिनिन खाली राहतं आणि स्टेज खरी असते त्याहून कमी ठरते. अशा वेळी एसडीएमए कराच. स्टेज 2 मांजरात 18 ते 25, कुत्र्यात 18 ते 35 या दरम्यान धरतात, आणि क्रिएटिनिनशी पटलं नाही तर जो आकडा वरची स्टेज दाखवतो त्याप्रमाणे वागायचं. अंगाने न रोडावलेल्या कुत्र्याचंही क्रिएटिनिन मूत्रपिंडांचं जवळपास तीन चतुर्थांश काम गेल्यावरच मर्यादा ओलांडतं, एसडीएमए त्याआधी हलतं. मांसल अंगाच्या कुत्र्यात, जिथे क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे, तिथे ते पैसे रक्तदाब आणि यूपीसीवर (लघवीतल्या प्रोटीनच्या मोजमापावर) खर्च केलेले बरे.

गुळेली

‘स्टेज’ या एका शब्दाने गोंधळ होतो, म्हणून जोडतो. हृदयाच्या झडपेच्या आजारात अक्षरं असतात: ए, बी1, बी2, सी, डी. तिथे रक्ताचा आकडा नसतो, हृदय किती फुगलं ते इकोवर मोजतात. बी2 म्हणायला मर्मर (हृदयाचा जादा आवाज) 3/6 किंवा जास्त, डाव्या वरच्या कप्प्याचं (कर्णिकेचं) महाधमनीशी गुणोत्तर 1.6 किंवा जास्त, आणि डावा खालचा कप्पाही (जवनिका) वाढलेला हवा. पिमोबेंडन हे हृदयाचं औषध तिथून सुरू होतं, बी1 ला देत नाहीत. घरी करण्यासारखं एकच: गाढ झोपेत असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. रोज 30 च्या आत हवी. लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) पुन्हा वेगळंच. एक गाठ म्हणजे 1, सगळीकडच्या गाठी 3, यकृत-प्लीहा 4, रक्त किंवा अस्थिमज्जा 5, आणि पुढचा ‘ए’ किंवा ‘बी’ म्हणजे जनावर वरून बरं की आजारी. तिथे स्टेज 3 ऐकून हाय खाऊ नका, बहुतेक कुत्री दाखवायला आणतात तेव्हाच 3 किंवा त्यापुढे असतात.

अबोली_फोंडा

सर्वांचे आभार. साडेतीन आठवड्यांनी लिहिते आहे. लेप्टो पीसीआर दोन्ही निगेटिव्ह, दोन आठवड्यांच्या अंतराने केलेल्या एमएटीत (लेप्टोच्या प्रतिपिंडांच्या तपासणीत) वाढ नाही. काचेवर प्लेटलेटची सरासरी सहा आली होती, बबेसिया नाही. सोडियम-पोटॅशियम नॉर्मल. जेवण पूर्ववत. दहा दिवसांच्या अंतराने उपाशीपोटी क्रिएटिनिन 1.7 आणि 1.6. रेफ्रॅक्टोमीटरवर 1.016. अल्ब्युमिन 2.5, ग्रीनने. प्लेटलेट 1,85,000. लघवीत पू किंवा रक्त नाही, यूपीसी 1.4. रक्तदाब 165. मूत्रपिंडं आकाराने ठीक, जरा पांढुरकी. म्हणजे शेवटी स्टेज 2 च ना?

पशुवैद्य_बार्देश

हो, स्टेज 2. आकडा तोच दिसत असला तरी आता तो स्थिर प्रकृतीत दोनदा आलेला आहे. 2.3 मधला 1.6 च्या वरचा भाग पाणी भरून काढल्यावर उतरला, उरलेला मूत्रपिंडाचा. पण तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत औषध ठरणार आहे ते पोटस्टेजवरून, म्हणजे लघवीतलं प्रोटीन आणि रक्तदाब यांवरून. यूपीसी म्हणजे लघवीतल्या प्रोटीनला लघवीतल्या क्रिएटिनिनने भागून आलेलं उत्तर. उदाहरणार्थ, 210 भागिले 150 म्हणजे 1.4. कुत्र्यात 0.2 च्या आत ठीक, 0.5 च्या वर प्रोटीन वाया जातं आहे असं धरतात. मूत्रपिंडाच्या गाळणीलाच इजा झाली आहे, आणि जुना एर्लिकिया हे त्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण.

एका यूपीसीवर मात्र थांबू नका. किमान दोन आठवड्यांच्या काळात दोन-तीन नमुने हवेत. खर्च वाचवायचा तर तीन सकाळी लघवी धरा, फ्रीजमध्ये ठेवा, तिन्हींतली सारखी, समजा दोन-दोन मिली, एकत्र करा आणि एकच तपासणी करा. उत्तर तिन्हींच्या सरासरीच्या जवळ येतं. लघवी धरायला स्वच्छ, कोरडी वरण वाढायची पळी सर्वांत सोपी. पहिली धार सोडून मधली घ्या.

डॉक्सीचे 28 दिवस पुरे होऊ देत, त्यानंतर चारेक आठवड्यांनी यूपीसी पुन्हा करा. जंतू गेल्यावर ते कधी कधी आपणहून उतरतं. तरीही 0.5 च्या वर राहिलं तर बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि मूत्रपिंडाचं अन्न. तुमचे डॉक्टर अल्ब्युमिनकडे बघून ते आधीही सुरू करतील, त्यात गैर काही नाही. सुरू केल्यावर एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचंच. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालवून घेतात, त्यापुढे डोस कमी. उलट्या-जुलाब लागले तर त्या दिवशी गोळी न देता आधी डॉक्टरांना फोन.

165 रक्तदाब हा ‘उच्च’ गटातला, 160 ते 179. पण तो मोजला कसा? पट्टा पायाच्या घेराच्या 40 टक्के रुंद हवा. घेर 15 सेंमी असेल तर 6 सेंमीचा. अरुंद पट्टा दाब खोटा वाढवतो. कुत्रा पाच-दहा मिनिटं शांत बसलेला, मालक जवळ, सुई टोचण्याआधी, पट्टा हृदयाच्या पातळीवर. पहिला आकडा सोडायचा आणि पुढच्या पाच ते सात आकड्यांची सरासरी. असं करूनही महिना-दोन महिने 160 च्या वरच राहिला तर औषध. 180 च्या वर गेला तर एक-दोन आठवड्यांतच. डोळ्याच्या पडद्यात रक्त किंवा अचानक अंधत्व दिसलं तर त्याच दिवशी.

काचपट्टी

ताई, पुढच्या वेळी तीच लॅब, तेच यंत्र आणि तसाच उपाशी नमुना ठेवा. रात्री मटण खाऊन सकाळी रक्त दिलं तरी क्रिएटिनिन वाढतं, म्हणून 8 ते 12 तास अन्न बंद, पाणी चालू. 1.6 चं 1.8 झालं तर ते दोन यंत्रांमधल्या फरकातूनही होऊ शकतं, तेवढ्यावरून आजार वाढला असं धरू नका.

पशुवैद्य_बार्देश

बरोबर. फॉस्फरसही सांगायला हवं होतं. स्टेज 2 मध्ये ते 4.6 च्या आत ठेवतात, म्हणून काट्यांसकट मासे आणि हाडं बंद. आणि पाणी मोजा: सकाळी सातला भांड्यात मापून 4 लिटर ओता, बाकीची भांडी उपडी घाला, दुसऱ्या दिवशी सातला उरलेलं मापा. 28 किलोच्या कुत्र्याने 2.8 लिटरहून जास्त प्यायलं तर ते नक्की जास्त आहे. तीन दिवसांचे आकडे आणि दर पंधरवड्याचं वजन वहीत लिहून न्या. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, गोचिडांचं औषध मात्र बाराही महिने.